सूट परत करण्याचा अर्ज

बावीस वर्षं मी लोकांना परीक्षा चुकवायला मदत केली. पोलिसांनी यावं असं त्यात काही नव्हतं. सगळं काम सहीशिक्क्यानिशी, रजिस्टर पोस्टानं आणि प्राचार्यांच्या डोळ्यांदेखत चालायचं.

धुळ्याजवळच्या एका खासगी तंत्रनिकेतनात मी मुख्य लिपिक होतो. ऐंशी सालानंतरची गोष्ट सांगतोय. आमच्याकडे दहावीनंतर तीन वर्षं शिकून पोरं डिप्लोमा घ्यायची आणि पाटबंधाऱ्यात, बांधकाम खात्यात, एसटीच्या वर्कशॉपमध्ये, साखर कारखान्यात चिकटायची. चिकटायची हा शब्द बरोबर आहे, कारण तिथून पुढे सरकणं कठीण. मग कधीतरी कालचा डिग्रीवाला पोरगा येऊन त्यांचा साहेब व्हायचा आणि पन्नाशीच्या ओव्हरसीअरला ‘अहो, जरा इकडे या’ म्हणायचा.

यातून सुटायला एक वाट होती. इंजिनियर मंडळींची एक जुनी, देशभर पसरलेली संस्था परीक्षा घेत असे. नोकरी सांभाळून ती देता येई आणि पास झालं की सरकार तिला डिग्रीच्या तोडीची मानत असे. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. पुढे सांगणार आहे त्यातली चूक माझी होती, तिचं नाव उगाच मध्ये कशाला आणायचं?

या परीक्षेत एक सवलत होती. एखादा विषय तुम्ही डिप्लोमाला शिकला असाल आणि त्यात साठच्या वर मार्क असतील, तर तो पेपर द्यायची गरज नाही. त्याला म्हणायचे ‘सूट’. ही सूट मागावी लागे. नुसतं मार्कशीट लावून भागत नसे. तुम्ही पास झालात त्या वर्षीचा अभ्यासक्रम जोडायचा, त्यातला मुद्दा न् मुद्दा त्यांच्या अभ्यासक्रमाशी जुळतो हे तक्ता करून दाखवायचं, किती तास शिकवलं ते लिहायचं आणि वर प्राचार्यांची सही. पाटावर उभ्या असलेल्या ओव्हरसीअरला हे कुठून जमणार? ते माझ्याकडे येत. जेवणाच्या सुट्टीत डबा आटोपला की मी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून बसे, एका हातात लाल पेन्सिल, दुसऱ्या हातात निळी. चहाखेरीज कुणाकडून काही घेतलं नाही. खोटं कशाला बोलू, फैजपूरकडची मंडळी केळी आणत, ती मात्र घेतली.

मला या कामाचा गर्व होता. ‘नानांच्या हातचा तक्ता परत येत नाही,’ असं चोपड्यापासून नवापूरपर्यंत बोललं जायचं आणि ते माझ्या कानावर यावं म्हणून मी कान टवकारून बसायचो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. पारोळ्याच्या कापसाच्या जिनिंगमधले एक मिस्त्री एकदा आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की धुळ्याला एक नाना आहेत, ते परीक्षा माफ करतात. खुर्चीवर न बसता ते उभ्यानंच अहिराणीत म्हणाले, “वीस वरीस व्हयनात माले. बठ्ठं इंजिन खोलस नि परत बसाडस. आते माले परीक्षा कसानी शे?”

मी म्हटलं, “भाऊ, तुनं खरं शे, पन कागद कोठे शे?”

“कागद काय इंजिनमा ऱ्हास का, नाना?”

हाताला येणाऱ्या विद्येला आमच्या पद्धतीत रकाना नव्हता. मी त्यांना चहा पाजला आणि ते गेले. जाता जाता आमच्या ऑफिसातला कुरकुरणारा पंखा मात्र दोन मिनिटांत गप्प करून गेले.

दुसरी भानगड जुन्या अभ्यासक्रमांची. दर चार-पाच वर्षांनी अभ्यासक्रम बदलायचा आणि जुनी पुस्तकं स्टोअररूममध्ये वाळवीच्या हवाली व्हायची. एकदा एका वर्षाचं पुस्तक कुठेच मिळेना. शोधता शोधता कळलं की त्या वर्षीचा एक विद्यार्थी चोपड्याला राहतो आणि त्याच्याकडे ते असेल. मी रविवारी एसटीनं चोपडा गाठलं. विद्यार्थी कामावर होता. त्याच्या आईनं, अक्कांनी, पुस्तकाची पानं फडताळात अंथरली होती आणि मला हव्या असलेल्या पानावर लोणच्याची बरणी होती. मी सगळं समजावून सांगितलं. अक्कांनी शांतपणे बरणी उचलली.

“लई जा. पन तठे दुसरा कागद टाकी जा.”

मी पिशवीतलं त्या दिवशीचं वर्तमानपत्र तिथं घडी करून अंथरलं. तेलाचा डाग पडलेलं ते पान साक्षांकित करून पाठवलं आणि सूट मंजूर झाली. डागाबद्दल संस्थेनं एक अक्षर काढलं नाही. असे किस्से सांगत मी पुष्कळ वर्षं भाव खाल्ला. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

गौतम बिऱ्हाडे आमचेच विद्यार्थी. चोपडा तालुक्यात पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता होते. अंगानं किरकोळ, बोलणं हळू. वडील त्याच तालुक्यात शेतमजुरी करायचे. घरात शिकलेलं हे पहिलं माणूस आणि त्यांच्यामागे शिकणारे तीन भाऊ. बिऱ्हाड्यांची एक गोष्ट साऱ्या खात्यात ठाऊक होती, ती म्हणजे त्यांचा हात. नकाशा काढावा तर त्यांनीच. पाटाचा छेद, मोरीचा आराखडा, अशी रेघ की पुसायला रबर शोधावं लागत नसे. वरून पाहणी यायची असली की साहेब लोक त्यांना साइटवरून उचलून आणत आणि टेबलापाशी बसवत. नकाशावर सही साहेबाची, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘रेखाटन : गौ. बि.’ एवढंच.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांचं मार्कशीट पाहिलं. ड्रॉइंगला एक्क्याऐंशी. मी खूश झालो. “बिऱ्हाडेभाऊ, ड्रॉइंगची सूट तर हमखास. एक पेपर कमी झाला म्हणून समजा.” ते काहीतरी बोलणार होते, तोवर माझी लाल पेन्सिल सुरू झाली होती. पंधरा दिवसांत तक्ता गेला, दोन महिन्यांत सूट आली. पत्र मी स्वतः त्यांच्या हातात दिलं, वर एक छोटं भाषणही दिलं.

त्यानंतर ते अधूनमधून दिसत. परीक्षा सहा महिन्यांनी असे. पहिल्या खेपेला नापास, दुसऱ्याला नापास, तिसऱ्यालाही. दरवेळी मी म्हणे, “अभ्यास कमी पडतो का भाऊ? साइटवर वेळ मिळत नसेल.” ते म्हणत, “हो नाना, कमीच पडत असेल.”

मग एका दुपारी ते सगळी मार्कशीटं घेऊन आले. मी डबा बांधत होतो. ते समोर बसले आणि म्हणाले, “नाना, अजून एखाद्या पेपरची सूट काढता येईल का? कुठल्याही. ही शेवटची खेप आहे.”

नाव नोंदवल्यापासून ठरावीक वर्षांत परीक्षेचा पहिला भाग पुरा झाला नाही तर सगळं पहिल्यापासून करावं लागे, पेपर, फी, सूट, सगळं. आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत खात्यात उपअभियंत्याच्या बढतीची यादी होणार होती. त्या यादीत यायचं तर ही शेवटची खेप साधायलाच हवी होती. नाहीतर पुढची यादी निघेपर्यंत ते चाळिशीच्या पार गेले असते आणि त्यांनी आधीच ठरवलं होतं की यानंतर नाद सोडायचा. धाकट्या भावाला इंजिनियरिंगला घालायचं होतं. “एका घरात दोघं परीक्षेला बसलेले परवडत नाहीत,” ते म्हणाले आणि हसले. मला ते हसू आवडलं नाही.

मी मार्कशीटं पाहायला लागलो. गणित एक्केचाळीस. पुढचे पेपर शेहेचाळीस, चव्वेचाळीस, त्रेचाळीस. पास व्हायला प्रत्येक पेपरात चाळीस लागत. तेवढे सगळ्यात होते.

“अहो, तुम्ही तर सगळ्यात पास आहात!”

“सरासरी पंचेचाळीस लागते ना, नाना. तीच पडते. दरवेळी दीड-दोन मार्कांनी.”

नियम मला पाठ होता. शेकडो वेळा लोकांना वाचून दाखवला होता. प्रत्येक पेपरात चाळीस, सगळ्यांची सरासरी पंचेचाळीस, सूट मिळालेले पेपर सरासरीत धरले जाणार नाहीत. तीन ओळींचा नियम.

मी सहज विचारलं, “आणि ड्रॉइंग?”

“त्याला सूट आहे ना.”

हे वाक्य त्यांनी इतक्या साधेपणानं म्हटलं की मला कळायला क्षणभर वेळ लागला. मग कळलं. ज्या विषयात हा माणूस डोळे मिटून पंच्याहत्तर आणेल तो पेपर मी काढून टाकला होता. उरलेल्या कच्च्या पेपरांच्या जोरावर त्यांना सरासरी गाठायला लावली होती. पाच पेपर दिले असते तर ते पहिल्याच खेपेला पास होते.

मी कागदावर बेरीज करून दाखवली. त्यांनी ती दोनदा तपासली. इंजिनियर माणूस, बेरजेवर कुणाच्या शब्दाखातर विश्वास ठेवणार नाही.

“तुम्ही त्या दिवशी काही बोलणार होतात,” मी म्हटलं.

“हो. म्हणणार होतो की ड्रॉइंगचा पेपर मला द्यायला आवडेल. पण तुम्ही एवढ्या हौसेनं लिहीत होतात.”

मला त्या वेळी काय वाटलं ते सरळ सांगतो. लाज वाटली. राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग करायला समोर कुणी नव्हतं.

आता करायचं काय? सूट मागायचे अर्ज मी डोळे झाकून लिहायचो. सूट परत करायचा अर्ज मी कधी पाहिलाही नव्हता. पुढच्या परीक्षेचा फॉर्म जायला पाच आठवडे होते. मी कोरा कागद पुढे ओढला आणि बिऱ्हाडे सांगायला लागले, “लिहा, माझ्या अनवधानामुळे...”

“अनवधान तुमचं नाही, माझं.”

“नाना, कारकुनाचं अनवधान कोण वाचतो? उमेदवाराचं वाचतात.”

बोलणं बरोबर होतं, म्हणून जास्त बोचलं. मी त्यांचा अर्ज त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लिहिला. पण त्याला वेगळा कागद जोडला : सदर सूट मिळण्याचा अर्ज मी, अमुक, उमेदवारास न विचारता माझ्या समजुतीने भरला होता, त्याचा तोटा उमेदवारास होत आहे. खाली सही. आजवरच्या नोकरीत मी हजारो कागदांवर सह्या केल्या होत्या, पण त्या सगळ्या कुणाच्या तरी वतीनं.

प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला.

“वाणी, हे कशाला? उद्या कुणी म्हणेल तंत्रनिकेतनानं माणसाची दोन वर्षं घालवली.”

“तंत्रनिकेतनानं नाही, सर. मी घालवली. मला हे काम कुणी सांगितलंही नव्हतं.”

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग अर्जाच्या कोपऱ्यात ‘अग्रेषित’ लिहून सही केली आणि माझा कागद न चुरगाळता मागे लावला. या सद्गृहस्थांना मी आधी उगाच घाबरायचो.

अर्ज गेला. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. उत्तर नाही. चौथ्या आठवड्यात मी किरकोळ रजा टाकली आणि धुळ्याहून पुण्याची एसटी धरली. तिथं संस्थेची शाखा होती. बिऱ्हाड्यांना सांगितलं नाही, उगाच आस लागायला नको. शाखेत परीक्षा विभागात एक वयस्क बाई बसल्या होत्या. समोर सूट मागणाऱ्या अर्जांचा ढीग, त्यातले काही माझेच. अक्षर ओळखू येत होतं.

मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “धुळ्याचे वाणी म्हणजे तुम्हीच का? तुमचे तक्ते फार नीट असतात.”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हे वाक्य घेऊन नाचत घरी गेलो असतो. त्या दिवशी म्हटलं, “बाई, त्यातला एक रद्द करायचा आहे.”

त्यांनी फाईल काढली. अर्ज वाचला, मग माझा कागद वाचला. “सूट काढून घ्या म्हणणारे तुम्ही पहिलेच. याला नियम नाही.” मी उभाच होतो. त्यांनी बारीक अक्षरांचं पुस्तक पुढून मागे, मागून पुढे चाळलं. “पण मनाईही दिसत नाही. थांबा.” त्या आत गेल्या. तासाभरानं आल्या तेव्हा अर्जावर हिरव्या शाईत दोन ओळी होत्या. सूट रद्द. उमेदवारास ड्रॉइंगचा पेपर देण्याची मुभा.

बिऱ्हाड्यांनी परीक्षा दिली. निकाल आला त्या दिवशी ते एसटीतून उतरून आमच्या फाटकातून जवळजवळ पळत आत आले, हळू बोलणारा माणूस! ड्रॉइंगला अठ्ठ्याहत्तर होते. बाकीचे पेपर नेहमीसारखेच, गणितात तर आधीपेक्षा एक मार्क कमीच. सरासरी आरामात पार झाली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचंही सुचलं नाही. प्राचार्यांनी शिपायाला पाठवून सगळ्यांसाठी भजी मागवली. पुढे ते दुसरा भागही पास झाले आणि बढतीच्या यादीत त्यांचं नाव लागलं.

पण त्याच दिवशी, भजी खाऊन हात पुसता पुसता, त्यांनी मला एक प्रश्न विचारला.

“नाना, तुम्ही सूट काढून दिलेले माझ्यासारखे आणखी किती असतील?”

मी हा विचार केलाच नव्हता. केला नव्हता म्हणजे टाळला होता. साठच्या वर मार्क असतील तरच सूट मिळे. म्हणजे प्रत्येकाचा सगळ्यात चांगला विषय शोधून मी तो परीक्षेतून काढून टाकत होतो. ज्यांचे बाकीचे पेपर पक्के त्यांचं काही बिघडलं नाही, उलट फायदाच झाला. जे काठावर होते ते सरासरीत पडले. आणि पडलेला माणूस तक्रार करायला येत नाही, तो आपल्यालाच बोल लावतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी जावक रजिस्टर काढलं. माझ्या हातून गेलेला प्रत्येक अर्ज त्यात होता. बिऱ्हाडे नावं वाचत, मी पोस्टकार्ड लिही. मजकूर सगळ्यांना सारखा : आपण परीक्षेत सरासरीमुळे नापास झाला असाल, तर त्याचं कारण मी काढून दिलेली सूट असू शकतं. सूट परत करता येते. अर्ज मी लिहून देईन. काही पत्ते बदलले होते, काही कार्डं परत आली. पाच जण पुन्हा परीक्षेला बसले, त्यातले तिघं पास झाले. हिशेब वाईट नाही, असं मी मनाला सांगत होतो.

पण कार्डं टाकल्यावर महिनाभरातच फैजपूरहून एक आंतरदेशीय पत्र आलं होतं. पाठवणारे मुरलीधर चौधरी, साखर कारखान्यात फोरमनच्या हाताखाली कामाला. मी त्यांना मशीन ड्रॉइंग आणि वर्कशॉप, दोन्हींची सूट काढून दिली होती. नाव वाचून चेहरा आठवला नाही, हेही कबूल करतो. पत्र असं होतं :

‘ती. नाना यांस सा. न. कार्ड मिळालं. माझी मुदत संपून पाच वर्षं झाली, त्यामुळे अर्जाची गरज नाही. पुस्तकं तेव्हाच देऊन टाकली. मी चार वेळा नापास झालो होतो, दरवेळी सरासरीत. घरी सगळ्यांना वाटायचं की मला डोकं नाही. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. म्हणून मुलांच्या अभ्यासाला मी कधी बसलो नाही, त्यांना कशाला चुकीचं शिकवा! तुमचं कार्ड आल्यावर जुनी मार्कशीटं काढून, सूट मिळालेले दोन पेपर धरून बेरीज केली; पास निघालो. काल जेवताना ती सगळ्यांना वाचून दाखवली. आज संध्याकाळी थोरली गणिताची वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. आपला, मुरलीधर.’